खोट कुणात, ते मी पाहिलं

मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघायची नव्हे, मित्रांनो. लघवीच्या वाटेने माणसाच्या पोटात शिरायची. नाकं मुरडू नका! लघवी, रक्त, पू यांची मला कधी शिसारी आली नाही. शिसारी आली ती माणसांची.

घडले परदेशातल्या कारखान्यात, पण उमेदीची वर्षं गेली सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात. डॉक्टर देवदत्तांच्या खोलीत, काचेच्या कपाटात मी असायची.

चौऱ्याण्णव साली वडूजचा सयाजी आला. सुट्टीवर आलेला फौजी, सोबत बायको दीपमाला आणि आई मनुबाई. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दीपमालाची गर्भपिशवी धुऊन झाली, अंगारेधुपारे झाले, शेजारणी तिच्या हातून ओटी भरून घेईनात. सयाजीला मात्र कुणी तपासलं नव्हतं. का? तर मनुबाई म्हणाल्या, "आवं डाक्टर, मिल्ट्रीनं कापडं काढून तपासून घेतलाय त्येला. त्येच्यात खोट कशी आसंल? खोट हिच्यात हाय. भावाची पोरगी बघून ठेवलीया म्या. औंदा न्हाई झालं, तर हिला म्हायेरी धाडणार."

दीपमाला शेजारीच बसली होती. शी! जनावरांच्या बाजारात तरी बरं बोलतात.

"फौजेनं छाती न् पाय तपासले. वीर्य तपासलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. सयाजी रागानं उठून बाहेर गेला. दीपमाला जागची हलली नाही. शेवटी तोच परत आला.

त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडला नाही. सोनोग्राफीत कारण दिसलं. ओटीपोटात जन्मापासूनची पाण्याची गाठ होती आणि तिनं वीर्याच्या नळ्या दाबून टाकल्या होत्या. मी आत शिरले. माझ्या उजेडात डॉक्टरांनी गाठ कापून उघडली, पाणी वाहून गेलं, वाट मोकळी झाली. त्या दिवशी मला फार धन्य वाटलं.

पुढे मनुबाई नातवाला घेऊन पेढे वाटायला आल्या. खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर माणसं दाटलेली. "सुनंचं आपरेशन केलं डाक्टरांनी, तवा कुठं कूस उजवली बगा," त्या सगळ्यांना सांगू लागल्या. आणि सयाजी? पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा! मला त्या पिळदार मिशीची किळस आली.

दीपमालानं सासूच्या हातातला पुडा काढून घेतला. "आत्ती, आपरेशन ह्यांचं झालंया. माझ्यात खोट नव्हती," ती मोठ्यानं म्हणाली. "बोला की वो तुमी!"

"व्हय," सयाजी म्हणाला. "माझंच झालंया."

मित्रांनो, आता नव्या दुर्बिणी आल्यात आणि मी धूळ खात पडले आहे. मला नाही पुसलं तरी चालेल. पण मूल होत नाही म्हणून कुणी बाईला नावं ठेवू लागलं, तर तिथंच विचारा, नवऱ्याला तपासलंत का?