पुनवेचं पाणी

सुंदराबाईंच्या घरात तिथी बघायची नाही, हा नियम होता. पौर्णिमा तेवढी पाळायची, तीही वंदनेपुरती. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला समुद्रकाठच्या गुहा बघायचं ठरलं आणि सून माधवी म्हणाली, की पुनवेला दुपारी तिकडे जायचं नसतं, तेव्हा सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

"जायचं नसतं, करायचं नसतं, असलं आमच्यात चालत नाही. ते सगळं चामटोलीला ठेवून यायचं होतंस."

चामटोली माधवीचं माहेर. आजोळ मात्र खाडीकाठचं. आजी खडकांवरची कालवं, म्हणजे शिंपले, काढायला जायची ती तिथी मोजून. पुनवेला उधाण येतं आणि ऐन दुपारी भरती असते, एवढं सरळ माधवीला सांगता आलं असतं. पण प्रमोदशी लग्न झाल्यापासून आपल्या प्रत्येक शब्दात देवधर्म हुडकणाऱ्या बाईला समजावून सांगायचा तिला कंटाळा आला होता. भिजू दे गुडघ्यापर्यंत, असं मनाशी म्हणून ती पुऱ्या लाटायला बसली.

सकाळी विहारात वंदना झाली, मग खीर वाटली, मग शेजारच्या कॅम्प तीनमधल्या हरेशची भाड्याची गाडी आली. अंबरनाथहून निघायलाच उशीर झाला. पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. माधवीची सहा वर्षांची लेक उन्नती गाडी लागल्यामुळे मागच्या सीटवर झोपली होती. तिच्यापाशी हरेशला ठेवून प्रमोद शहाळी शोधायला गेला. माधवी खाली किनाऱ्यावर सावलीत डबे मांडत होती. सासूबाई चप्पल बदलायला गाडीकडे गेल्या आणि तिथून परस्पर दुसऱ्या वाटेनं उतरल्या. त्यांचा पांढरा पदर खडकांआड, गुहेच्या दिशेनं जाताना माधवीनं पाहिला. पाणी चढायला लागलेलंही पाहिलं. तिनं हाक मारली नाही.

थोड्या वेळानं हरेश जेवायला खाली आला. एकटाच.

"उन्नती कुठेय?"

"वो तो दादी के साथ गई, भाभी. कबकी."

माधवी धावली, मागून हरेशही. गुहेच्या तोंडाशी पाणी कमरेला लागलं. आत सुंदराबाई एका उंच दगडावर उभ्या होत्या, पोरगी खांद्याला घट्ट चिकटलेली. लाट आली की तोंडाकडचा उजेड झाकला जायचा. खडकावरच्या कालवांच्या कडांनी माधवीचे तळवे फाटले. तिनं उन्नतीला घेतलं, बाहेर हरेशच्या हाती दिलं आणि परत आत शिरली. आता पाणी छातीपर्यंत आलं होतं.

"हात द्या."

सुंदराबाईंनी हात दिला नाही. "तुला ठाऊक होतं."

"सांगितलं होतं मी."

"एकदाच सांगितलंस. भाजीतल्या मिठावरून दहादा भांडतेस."

पुढची लाट आली तशी माधवीनं त्यांचं मनगट धरून ओढलं. वाळूवर पाय टेकताच सासूबाईंनी ते सोडवून घेतलं.

शहाळी घेऊन आलेला प्रमोद घाबरून विचारायला लागला. पाय घसरला, दुसरं काही नाही, असं आईनं त्याला सांगितलं. तो टॉवेल आणायला वळला, तशा त्या सुनेकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "खरं काय ते त्याला कधी सांगायचं, ते मी बघीन."

गाडीत त्यांनी उन्नतीला आपल्या मांडीवर घेतलं. सगळ्या वाटेत माधवीनं तिला मागितलं नाही.