चिमणीनं उचललेला फोन

या, असे जवळ सरकून बसा. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही, आणि माझा आवाजही आता पूर्वीसारखा भिंतीपर्यंत पोचत नाही. एका वॉकरची गोष्ट सांगते. हसू नका, वॉकरचीच. देवाला स्मरून सांगते, यातलं पदरचं काही नाही. पदरचं घातलं असतं तर शेवट तरी बरा केला असता. मधेमधे हुंकार देत जा, म्हणजे मला कळेल की माझ्याबरोबर आहात.

आमच्या घरात माणसं तीन. माझा थोरला भाऊ, दादा. त्याची मुलगी, जिला आम्ही चिमणी म्हणतो. आणि मी, तिची आत्या. वहिनी गेली तेव्हा चिमणी शाळेत होती. मी एक पिशवी घेऊन 'चार दिवस राहते' म्हणून आले, ती पिशवी अजून त्याच खुंटीला आहे.

दादानं जन्मभर बस चालवली. त्याच्या बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडत नसे, असं तो सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. तर एवढ्या वळणांतून लोकांना सुखरूप नेणारा हा माणूस स्वतःच्या मोरीत घसरला आणि खुबा मोडून बसला. ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हाड मी जोडलंय, पाय तुम्हीच चालवायचाय. आत्ता रोज चाललात तर चालाल. अंथरूण धरलंत तर पाय आखडेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

दादा म्हणाला, "डॉक्टर, ड्रायव्हरला पाय आखडून कसं चालेल? ब्रेक कोण मारणार?"

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली.

चिमणी एका मोठ्या ऑफिसात कामाला होती. काय काम, विचारलं की म्हणायची, "कॉम्प्युटरवर असतं ग आत्या, सांगून कळायचं नाही तुला." तिची कंपनी म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या वस्तू विकायची. काठ्या, खुर्च्या, पलंग. तिनं बापासाठी तिथूनच सवलतीत वॉकर आणला. चकचकीत, चार पायांचा. प्रत्येक पाय म्हणजे नळीत नळी. हवी तेवढी उंची करायची, नळीतलं स्प्रिंगचं बटण भोकातून बाहेर आलं आणि 'टक्' वाजलं की पाय पक्का. चिमणीनं चारही पाय वाजवून दाखवले आणि बापाला उभं केलं. दादानं खोलीतल्या खोलीत एक फेरी मारली आणि तोंडानं हॉर्न वाजवला. त्या दिवशी आमच्या घरात किती दिवसांनी हसणं झालं.

पुढे काय झालं ते ऐका. थोड्याच दिवसांत पुढचा उजवा पाय दगा देऊ लागला. बटण बाहेर, आवाज झालेला, सगळं जागच्या जागी. पण अंगाचा भार पडला की नळी सर्रकन आत. पहिल्यांदा दादानं दाराची चौकट धरली म्हणून बचावला. मी म्हटलं, "चिमणीला सांगू, बदलून आणेल."

"नाव काढू नकोस. पोरीनं हौसेनं आणलाय. आपल्याच बापानं खोड काढली म्हणजे?" असं म्हणून त्यानं सुतळी आणायला लावली, बटणाच्या खाली नळीला करकचून गुंडाळली, आणि पोरीला दिसू नये म्हणून वरून काळी चिकटपट्टी लावली. बसचं काहीही मोडलं की तो हेच करायचा. सुतळीवर त्याचा देवाखालोखाल विश्वास.

सुतळीनं काही दिवस काढले. मग एका सकाळी मी आत कपडे घड्या घालत होते आणि बाहेर धप्प आवाज आला. बघते तर वॉकर आडवा, दादा त्याच्यावर. कोपर सोलवटलेलं. देवानं खुबा तेवढा राखला. मी कसंबसं त्याला पलंगावर बसवलं, आणि तो जो बसला तो बसलाच. "उद्या चालतो" म्हणायचा. उद्या आला की परवा. वॉकर कोपऱ्यात उभा. आणि संध्याकाळी चिमणी आली की लांब बाहीचा सदरा घालून हा सांगणार, "आज दारापर्यंत जाऊन आलो. झकास वस्तू आणलीस."

पाय मात्र खोटं बोलेना. मी तेल लावायला बसले की कळायचं, गुडघा पूर्वीइतका वाकत नाही. डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात घण घालत होतं. शेवटी मी म्हटलं, "चिमणीला नको, कंपनीला तर सांगू? फोन नंबर आहे वॉकरवर. आपण कुणाचे कोण ते बोलायचंच नाही. मोठी कंपनी, हजार माणसं. कुणाला कळतंय?"

दादानं विचार केला. "चालेल. पण फोन तुझ्यावरून. माझा नंबर तिथं तिच्या नावापुढे लिहिलेला असेल."

बघा, एकमेकांना जपण्यात आम्ही किती हुशार.

दुपारी जेवणं उरकून पलंगावर दोघं बसलो, फोन मधे ठेवला, स्पीकर लावला. आधी एका बाईनं हा आकडा दाबा, तो आकडा दाबा सांगितलं. दाबला. मग आपण ताटकळत बसावं म्हणून पेटी वाजू लागली. दर थोड्या वेळानं तीच बाई येऊन म्हणायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

दादा म्हणाला, "महत्त्वाचा आहे म्हणूनच उचलत नाहीत. जपून ठेवतायत."

फोन एकदा मधेच तुटला, पुन्हा पहिल्यापासून आकडे. एकदा एका माणसानं उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला हा विभाग वेगळा, जोडून देतो. पुन्हा पेटी. चाल आता दादाला पाठ झाली होती, तो मांडीवर ठेका धरत होता. आणि पेटी थांबली.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

गोड आवाज. इस्त्री केल्यासारखा, एक सुरकुती नाही. दादानं घसा साफ केला. "हे बघा बाई, तुमचा वॉकर आहे. त्याचा पुढचा पाय आत जातो. मी पडलो त्याच्यावरून."

पलीकडे काही नाही. फोन तुटला की काय म्हणून मी वाकून बघितलं. चालू होता. मग एक श्वास ऐकू आला, नाकातून, अर्धवट, रडायच्या आधी लहान मूल घेतं तसा.

भजनाला बसून बसून माझा कान तयार झालेला. शब्द बदलता येतात, आवाज बदलता येतो, श्वास घ्यायची जागा बदलत नाही. तो श्वास मी शाळेच्या दारात ऐकलेला, तापात ऐकलेला, वहिनी गेली तेव्हा ऐकलेला.

"सर," आवाज म्हणाला, "आपल्याला लागलंय का?"

बापाला सर म्हणाली.

"थोडं. कोपराला."

"सर, आपण बटण नीट बसवलं होतं का? 'टक्' असा आवाज येईपर्यंत?"

"आला की आवाज. तरीही आत जातो."

"बऱ्याच ग्राहकांकडून बटण पूर्ण बसत नाही, सर. वापरताना होणारी चूक आहे." शब्द एकामागून एक येत होते, पाठ केलेल्या पाढ्यासारखे, आणि आवाज मात्र पाठीमागे ओढला जात होता. "आपण वॉकरला काही बांधलंय किंवा चिकटवलंय का?"

दादानं माझ्याकडे बघितलं. तो खोटं फक्त पोरीशी बोलतो, परक्यांशी नाही. "सुतळी बांधलीये. वरून चिकटपट्टी."

"मग सर, ग्राहकानं वस्तूत फेरफार केला असेल तर वॉरंटी लागू होत नाही. आपली तक्रार मी नोंदवून..." इथं ती थांबली. "नोंदवून बंद करतेय. आणखी काही मदत हवी आहे का?"

मी पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. दादा शांत होता. म्हणाला, "नाही. तुम्ही जेवून घ्या, बाई." आणि फोन बंद केला.

मी मनात म्हटलं, देवा, याला कळलं नसू दे. एवढंच कर.

दादा म्हणाला, "घसा बसलाय तिचा. संध्याकाळी पाणी कोमट करून ठेव."

संध्याकाळी चिमणी आली. चपला काढायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दादा पलंगावर, लांब बाहीत. मी दारात, हातात पाण्याचा पेला.

दादाच बोलला. "आज दारापर्यंत जाऊन आलो, चिमणे. झकास चालतो तुझा वॉकर."

तिनं बापाकडे बघितलंही नाही. सरळ कोपऱ्यात गेली, खाली बसली आणि नखानं चिकटपट्टी सोलून काढली. सुतळी उलगडली. नळी खेचली, बटण बसवलं. टक्. अंगठ्यानं दाबून बघितलं, पक्कं होतं. मग उठून तिनं दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि दादा टाकायचा तसा सगळा भार पुढे टाकला.

पाय सर्रकन आत गेला. पोर गुडघ्यावर आपटली.

मी धावले. ती उठेना. बटणाकडे बघत होती. "मी नीट बसवलं होतं," म्हणाली. "आत्या, तू बघितलंस ना? मी नीट बसवलं होतं."

"बघितलं ग."

"आम्हाला तसंच शिकवलंय, की लोकांना बसवता येत नाही. मला ते खरं वाटायचं." मग बापाकडे वळली. "तुमचा आवाज ऐकला तेव्हासुद्धा पहिल्यांदा मनात तेच आलं. बाबांनी नीट बसवलं नसेल."

दादा म्हणाला, "नोकरीत बोलावं लागतं. मीसुद्धा रिकाम्या बसमधून 'जागा नाही' म्हणून गेलोय."

"तुमच्या म्हणण्यानं कुणी पडलं नाही, बाबा."

तिनं कोमट पाणी घेतलं, पण प्यायली नाही, पेला हातात धरून राहिली. मग एका आजींचं सांगू लागली. त्या एकट्या राहायच्या. हाच वॉकर, हाच पाय. दर वेळी फोन चिमणीकडेच यायचा असं नाही, पण त्या मुद्दाम सांगायच्या, त्या गोड आवाजाच्या मुलीला द्या. तक्रार सांगायच्या आधी विचारायच्या, "जेवलीस का ग? सकाळपासून किती बोलतेस." आणि चिमणी दर वेळी त्यांना बटण कसं बसवायचं ते शिकवायची. आजी म्हणायच्या, "पुन्हा करून बघते हं."

"आता बरेच दिवस फोन नाही त्यांचा," चिमणी म्हणाली. "मला वाटलं, जमलं असेल."

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारीच घरी आली. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी वॉकरसाठी फोन केला त्यांना तिनं सरळ सांगितलं होतं, त्यावर भार टाकू नका, तो पाय धोक्याचा आहे. मग वरच्या माणसानं येऊन तिच्या कानावरचं यंत्र काढून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. यायच्या आधी तिनं आजींचा नंबर तेवढा उतरवून आणला होता. तो तिनं आमच्यासमोर पलंगावर बसून फिरवला. स्पीकर लावला. एकटीनं ऐकायचं धैर्य नसावं.

एका बाईनं उचलला. शेजारीण होती, आजींची खोली आवरायला आली होती.

"आजी आहेत का?" चिमणीनं विचारलं.

"तुम्ही कोण?"

"मी वॉकरच्या कंपनीतून. त्यांना सांगायचं होतं, तो वॉकर वापरू नका म्हणून."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "त्या गेल्या हो. त्या वॉकरवरूनच पडल्या, दवाखान्यात नेलं, परत आल्याच नाहीत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "शेवटपर्यंत म्हणत होत्या, मलाच मेलीला बटण बसवता येत नाही. ती मुलगी बिचारी किती वेळा समजावते. ती तुम्हीच का?"

चिमणीनं तोंड उघडलं. रोज शेकडो लोकांशी बोलणारी ती पोर, तिच्या गळ्यातून साधा 'हो' येईना. शेजारणीनं दोनदा हॅलो म्हटलं आणि फोन ठेवला.

देवाघरचं मला कळत नाही. पण तेव्हा मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि मलाही ते आठवेना. इतकी वर्षं ओठांवर असलेलं नाव.

दादानं पांघरूण बाजूला केलं. पाय खाली सोडले. "चिमणे, इकडे ये. खांदा दे."

"बाबा, मी त्यांना..."

"ते आपण बोलू. रात्रभर बोलू. आधी खांदा दे."

ती आली. त्यानं एक हात तिच्या खांद्यावर, एक माझ्या, असा भार टाकला. गुडघा वाकताना त्याच्या तोंडून 'आई ग' निघालं. तरी तो दारापर्यंत गेला, चौकटीला हात लावून परत आला, आणि घामानं भिजून बसला. त्या दिवसापासून तो रोज चालतोय, पोरीच्या खांद्यावर. ती त्याच्यापुढे चालत रडते आणि तो तिला रडू देतो. कंपनीविरुद्धच्या तक्रारीचं म्हणाल तर आम्ही कुठं कुठं फिरलो, कुणी कुणी दार लावून घेतलं, ते आज नको. ते अजून चालूच आहे.

आज तुम्हाला जवळ बसवलं ते दुसऱ्यासाठी. त्या आजींचं नाव आम्हाला कळलं नाही, कंपनीत तक्रारीपुढे नुसता नंबर लिहितात. शेजारणीला पुन्हा फोन करायचं धाडस अजून आमच्यातल्या कुणाला झालेलं नाही. त्यांचं मागं कुणी आहे की नाही, ठाऊक नाही. तेव्हा एवढं करा. तुम्ही हात जोडता तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा, आणि परक्या मुलीला आधी 'जेवलीस का' विचारणाऱ्या त्या बाईंची आठवण करा. चूक त्यांची नव्हती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा.