उंच गुढीचा तांब्या

आपल्या हातून दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ते त्याच क्षणी कबूल करावं, एवढं नीतिशास्त्र चंद्रहासला लहानपणापासून पाठ होतं. दुसरा म्हणजे सुशील असेल तर काय करायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

दोघं पुण्याच्या एकाच कॉलेजातले, वेलिंग्टनला उतरले तेही एकाच विमानातून. चार वर्षांत सुशील टीम लीड झाला आणि टेकडीच्या उतारावर घर घेऊन मोकळा झाला. चंद्रहास त्याच्याच वरच्या अंगाला भाड्याने राहत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला समुद्र दिसायला हवा होता. दिसायची ती सुशीलची काचेच्या छपराची सनरूम, आणि तिच्यात पाय पसरून चहा पिणारा सुशील.

म्हणून यंदा पाडव्याला चंद्रहासने रजा टाकून डेकवर चांगली दोन पुरुष उंच गुढी उभारली.

"वारा बघ जरा," त्याची बायको नीता म्हणाली. "तांब्या तरी घट्ट बांध."

"सुशीलने बांधलाय का?"

"सुशीलची गुढी घरात आहे. सनरूममध्ये."

अकराच्या सुमाराला तांब्या उडाला तो थेट त्याच सनरूमच्या छपरावर. सुशील आणि त्याची बायको विनया दोघंही कामावर होते. चंद्रहास धावत खाली गेला आणि फुलझाडांत पडलेला तांब्या उचलून आणला. छपराची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती. आतली गुढी जागची हलली नव्हती.

संध्याकाळी सुशीलचा फोन. "चंद्या, काहीतरी उडून आलं रे, छपराची वाट लागली!"

"वाराच तसा होता आज," चंद्रहास म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"सांगून टाक ना," फोन ठेवल्यावर नीता म्हणाली. "तो काय खाणारे तुला? 'सोड रे' म्हणेल."

"तेच नकोय मला! घर त्याचं, पद त्याचं. आता मोठं मनही त्याचंच?"

पोचा आलेला तांब्या कपाटात मागे गेला. आठ दिवसांनी सुशीलचा पुन्हा फोन.

"तसली काच आता मिळत नाही म्हणे. विम्यातून अख्खं छप्पर बदलून देतायत. डबल ग्लेझिंग, ऊब धरणारी दुहेरी काच! हिवाळ्यात अनवाणी बसू आम्ही."

चंद्रहास रोज सकाळी बेडरूमच्या एकेरी काचेवर थंडीने आतून साचलेलं पाणी टॉवेलने टिपत असे. आठ दिवस गाढ झोपलेली त्याची सदसद्विवेकबुद्धी ताडकन उठून बसली. तांब्या घेऊन तो उतार उतरला.

"सुशील, हा होता तो. विमा कंपनीला खरं काय ते कळवलंच पाहिजे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"अगंबाई, केवढा पोचा!" विनया म्हणाली. "तांब्यावरून नीता काही बोलली नाही तुला?"

सुशीलने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला आणि गुढीपासून सगळं सांगितलं. चंद्रहास श्वास रोखून उभा होता.

"काही फरक पडत नाही," फोन ठेवत सुशील म्हणाला. "नुकसानीचं कारण 'वाऱ्याने उडालेली वस्तू' असंच आहे. वस्तू कुणाची, हे फॉर्मवर विचारतच नाहीत. आणि तू काय एवढं मनाला लावून घेतलंस? सोड रे."

डबल ग्लेझिंग सोमवारी बसलं.