आठ म्हणवून घेतलेला चार

मित्रांनो, मी एक जुना डंबेल आहे. वजन चार किलो, रंग काळा आणि डोकी दोन. दोन डोकी असूनही अक्कल बेताचीच, हे तुम्हाला पुढे कळेलच. मला एक जुळा भाऊ आहे. आम्ही कायम जोडीने राहतो, कारण एकट्या डंबेलला कोणी विचारत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झाल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर पडलो. एका कामगाराने कानशीने माझ्या कडा घासल्या, मला हातावर झेलून पाहिलं आणि म्हणाला, "बरा आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. दुसरं मिळायला बरीच वर्षं जावी लागली.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या, महागड्या जिममध्ये होती. तिथे चारही भिंतींना आरसे होते, हवा गार होती आणि प्यायच्या पाण्यात लिंबाच्या चकत्या तरंगत असत. पण तिथली माणसं मोठमोठी वजनं उचलणारी. मला ती फक्त वाटेतून बाजूला सरकवण्यासाठी उचलायची. पुढे तिथे रबराचे, रंगीत, गुळगुळीत डंबेल आले आणि आमची पोत्यात रवानगी झाली. पोत्यात काढलेल्या दिवसांविषयी मी फार बोलणार नाही. गंज चढला एवढंच सांगतो.

त्या पोत्यातून आम्ही आलो ते आजच्या या जिममध्ये. पूर्वी हे टायरचं गोदाम होतं. पुढे एक लोखंडी शटर, वर तीन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करतो. आरसा एकच, आणि तोही एका कोपऱ्यात असा काही वाकलाय की त्यात प्रत्येकाची कंबर बारीक दिसते. म्हणून त्या कोपऱ्यात कायम गर्दी. फी इतकी कमी की येताना कोणाला चार वेळा विचार करावा लागत नाही. शिकवायला एकटे सर आहेत. ते आधी शाळेत खेळाचे शिक्षक होते. दारावरची पाटी त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतली आहे: 'ज्यांना काहीच येत नाही, त्यांनी आधी यावे.'

आणि खरोखर तशीच माणसं येतात. पोस्टातले कारकून येतात, नुकतंच बाळ झालेली एक आई येते, गुडघे धरलेले बस कंडक्टर येतात. कोणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कोणाच्या अंगात घरातला जुना सदरा. इथे कोणी कोणाला हसत नाही, कारण हसणाऱ्यालाही काही येत नसतं. महागड्या जिममध्ये मी हे कधी पाहिलं नव्हतं. मला ही जागा मनापासून आवडली.

पण मित्रांनो, आपल्या माणसाचे दोष झाकून ठेवणं बरं नाही. सर एक आणि माणसं चाळीस. सर मधोमध उभे राहून आकडे मोजतात आणि मान वळेल तिकडे "छान, चालू द्या" म्हणतात. सामान दहा ठिकाणांहून आलेलं. सायकलचं पॅडल महिन्यातून एकदा निखळून पडतं. डंबेलचंही तेच, कोणी गोल, कोणी सहा कडांचा, कोणी जाडा, कोणी उंच, त्यामुळे नुसतं अंगावरून कोणाचं वजन ओळखू येत नाही. शिवाय ज्याने घेतलं त्याने तिथेच टाकलं, असा कारभार. दोन किलोचा दहाच्या जागी, तर तिनाचा सायकलखाली.

आमचा आकडा गंजाने खाऊन टाकला होता. बाकीच्यांच्या डोक्यावर इंग्रजी आकडे ओतलेले होते, आमचंच डोकं कोरं. सरांनी ते काम पेंटरकाकांवर सोपवलं. पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि पोट कमी करायला इथे येतात. त्यांच्या हाताला मराठी अक्षराचं वळण. त्यांनी आमच्या डोक्यांवर पांढऱ्या रंगाने मराठीतला चार काढला, दोन्ही हात वर पसरलेला, खाली छान गाठ मारलेला. इतका देखणा चार मी आजवर पाहिला नाही. मग आम्हाला वाळायला ठेवून काका घरी गेले. रंग जरा जास्त झाला होता. तो हळूहळू ओघळला आणि चाराचे वर पसरलेले दोन हात एकमेकांना मिळाले. सकाळपर्यंत आमच्या डोक्यावर इंग्रजी आठ वाळून पक्का झाला होता. सर आम्हाला चणीवरून ओळखायचे. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.

आता चष्मेवाल्या मावशींचं सांगतो.

त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. वय छप्पन. दिवसभर दुसऱ्यांचे नंबर तपासायचे, काचा बसवायच्या, दांड्या सरळ करायच्या. जिममध्ये मात्र घामाने चष्मा नाकावरून घसरतो म्हणून त्या तो काढून खुंटीवरच्या पिशवीत ठेवायच्या. त्या इथे बारीक व्हायला आल्या नव्हत्या. घरी त्यांची मोठी बहीण होती, अक्का. दोघींचंच घर. अक्का मोरीत घसरून पडली होती आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण तिला आपलं आपण उठता येईना. पलंगावरून खुर्चीत बसवायचं तर कोणीतरी उचलायला हवं, आणि मावशींच्या हातात तेवढी ताकद नव्हती. त्यांचा भाचा म्हणाला होता की मोठ्या आत्याला वृद्धांच्या केंद्रात ठेवू, तिथे उचलायला माणसं असतात. अक्काने यावर फक्त भिंतीकडे तोंड केलं होतं.

घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी एक वाट दाखवली होती. आठ-आठ किलोची दोन वजनं जमिनीवरून कमरेपर्यंत, न थांबता दहा वेळा उचलून दाखवा. मग अक्कांना कसं उचलायचं ते मी शिकवते. तोवर हात लावायचा नाही. हे सगळं मावशी पहिल्याच दिवशी सरांना सांगत होत्या आणि मी सायकलखाली पडल्या पडल्या ऐकत होतो.

त्यांनी दोन किलोपासून सुरुवात केली. मग तीन. एके दिवशी तिनाची जोडी काही केल्या सापडेना, म्हणून त्यांनी रॅकवर हात फिरवला. आम्ही हाताला लागलो. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, डोळे बारीक केले आणि डोक्यावरचा आठ वाचला. मग दोघांना घेऊन त्यांनी जोर लावला. दोन वेळा उचललं, तिसऱ्यांदा आम्ही अर्ध्यातूनच खाली आलो.

"सर," त्या म्हणाल्या, "मी आठ उचलला."

सर दुसऱ्या टोकाला कंडक्टरसाहेबांचे गुडघे सांभाळत होते. "छान, चालू द्या," ते म्हणाले.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला फार बरं वाटलं. जन्मभर मी चारचौघांतला चार. आणि आज कोणीतरी मला आठ म्हणत होतं, तेही इतक्या आदराने. मी तर हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मला बोलता येत नाही ही गोष्ट खरी. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी बोललो असतो का, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर त्या रोज आमच्याकडेच यायच्या. चार वेळा झालं, सहा झालं, नऊ झालं. जाताना आम्हाला पदराने पुसून ठेवायच्या. पुसणारं माणूस मला तोवर भेटलंच नव्हतं. ज्या दिवशी दहा झालं त्या दिवशी साऱ्या जिमने टाळ्या वाजवल्या. मावशींनी नर्सबाईंना कळवलं. त्या गुरुवारी येते म्हणाल्या.

तो सोमवार होता. मावशींना गुरुवारपर्यंत दम निघाला नाही. मंगळवारी सकाळी त्यांनी अक्काला धरून उठवायला घेतलं. अर्धवट उठवलं आणि हात सुटले. दोघी पलंगाशेजारी खाली बसल्या त्या बसल्याच. अक्काला फक्त मुका मार लागला, पण तिला परत वर घेता येईना आणि तिला सोडून दारापर्यंत जायचा मावशींना धीर होईना. दीड तासाने भाचा भेटायला आला, तेव्हा त्या तशाच एकमेकींना टेकून बसलेल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्याने केंद्रात एक तारखेपासून खोली ठरवली.

गुरुवारी नर्सबाई मावशींच्या घरी गेल्याच नाहीत, थेट जिममध्ये आल्या. भाचाही बरोबर होता. मावशींचं तोंड सुकलं होतं. नर्सबाई म्हणाल्या की दहा वेळा आठ उचलणाऱ्या बाईचे हात असे सुटायला नकोत, मला उचलून दाखवा. मावशींनी आम्हाला उचललं. दहा वेळा, न थांबता, अगदी सरळ पाठीने. मग नर्सबाईंनी मला हातात घेतलं. त्यांचा हात रोज माणसं उचलणारा. त्यांनी मला एकदा वर-खाली केलं आणि आम्हा दोघांना नेऊन वजनकाट्यावर ठेवलं.

काटा आठवर थांबला.

"बघा," मावशी म्हणाल्या, "आठच आहे."

"दोन मिळून," नर्सबाई म्हणाल्या.

मावशींनी पिशवीतून चष्मा काढला, लावला आणि माझ्याकडे पाहिलं. ओघळलेल्या रंगाची रेघ त्यांना आता स्पष्ट दिसली असेल. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पेंटरकाका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या हाताने असं कसं झालं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

सर पुढे आले. त्यांनी पेंटरकाकांवर काही ढकललं नाही. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "चार महिन्यांत एकदाही मी मावशींच्या शेजारी येऊन बघितलं नाही. लांबूनच छान म्हणत बसलो."

मावशी भाच्याला म्हणाल्या की मला अजून एक महिना दे. तो वाईट मुलगा नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते. "आत्या," तो म्हणाला, "मला तुम्हा दोघींना परत जमिनीवर बघायचं नाहीये." मग बराच वेळ तो त्या वाकड्या आरशाकडे बघत राहिला. शेवटी नर्सबाईंनी सांगितलं की महिनाभर अक्कांना उठवायला मी स्वतः येऊन जाईन. तेव्हा कुठे तो हो म्हणाला.

त्या महिन्यात या जिमचं जे रूप मी पाहिलं, ते महागड्या जिममध्ये शंभर वर्षं राहूनही दिसलं नसतं. सर रोज वीस मिनिटं फक्त मावशींच्या शेजारी उभे राहायचे. कंडक्टरसाहेब तेवढा वेळ बाकीच्यांचे आकडे मोजायचे, आणि "पुढे चला, पुढे चला" म्हणायची सवय त्यांना काही सोडवेना. पोस्टातल्या कारकुनांनी सगळे डंबेल वजनाप्रमाणे ओळीने लावले, पत्रं लावतात तसे. पाचाचा, सहाचा जोड मावशींच्या वेळेला कोणी घेत नसे. पेंटरकाकांनी आमच्या डोक्यावरचा आठ रॉकेलने पुसून टाकला आणि पुन्हा चार काढला, बेताच्या रंगाचा. त्यानंतर रंग वाळेपर्यंत ते पंख्याखाली मला हातात धरून बसले होते.

मावशी मात्र आता माझ्याकडे येत नव्हत्या. पाच, मग सहा, मग शेवटच्या टोकाचे खरे आठ. त्यांच्या नाकी नऊ यायचे, पण चष्मा त्यांनी दोरीने मानेला बांधला होता आणि तो एकदाही काढला नाही. मी रॅकवरून बघायचो. वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. नवशिक्यांच्या डंबेलचं नशीब असंच असतं. माणूस आपल्याला सोडून पुढे गेलं तरच आपलं काम झालं असं समजायचं.

महिना संपायला तीन दिवस असताना खऱ्या आठांनी दहाचा आकडा गाठला. यावेळी सरांनी आकडे अगदी हळू आवाजात मोजले. त्यानंतर आठवडाभर नर्सबाईंनी घरी शिकवलं. अक्काच्या कमरेला पट्टा कसा बांधायचा, गुडघे कसे वाकवायचे, तिचं वजन आपल्या पाठीवर न घेता पायांवर कसं घ्यायचं. ताकद अर्धीच पुरते, बाकीची अर्धी रीत असते, असं नर्सबाई म्हणाल्याचं मावशी सांगत होत्या. भाच्याने खोली सोडून दिली.

आता मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी उपदेश करायचा असतो. तो मी इथेच उरकून घेतो, म्हणजे शेवट मला हवा तसा करता येईल. जिम स्वस्त असली म्हणून ती कमी नसते, पण तिथे आपली काळजी थोडी आपणच घ्यावी लागते. वस्तू जिथून घेतली तिथे ठेवा. आकडा वाचता येत नसेल तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. शिकवणाऱ्याला हाक मारून जवळ बोलवा, लांबून आलेल्या 'छान'वर समाधान मानू नका. आणि उचलून झालं की आम्हाला एकदा पुसा. लोखंडालाही ते कळतं.

मग एका दुपारी शटरपाशी चाकाची खुर्ची येऊन थांबली. तीत अक्का बसली होती, बारीक, पांढऱ्या केसांची, आणि सगळ्यांकडे टकामका बघत होती. तिला ही जागा बघायची होती म्हणे. सरांनी भिंतीलगतच्या बाकावरून टॉवेल उचलले. दोघं-तिघं मदतीला पुढे झाले. मावशींनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी पट्टा घट्ट केला, गुडघे वाकवले, अक्काचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि तिला उभं केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाक माझ्या रॅकला लागूनच आहे, म्हणून अक्का काय म्हणाली ते मला ऐकू आलं.

"आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस," ती म्हणाली. "तुला कडेवर घेऊन मी सगळं घरकाम करायचे. तू माझा गळा असाच घट्ट धरायचीस."

उभं करून बाकावर बसवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून बराच जास्त वेळ मावशींनी अक्काला तसंच धरून ठेवलं. हे काही नर्सबाईंनी शिकवलेलं नव्हतं.