घोगरीचा कोट

मित्रांनो, या तळघराच्या अकरा पायऱ्या उतरलात की डाव्या हाताला भिंतीत एक खिळा दिसेल. त्या खिळ्यावर लटकलेला जुना, निळा, जाडाभरडा कोट म्हणजे मी.

माझा जन्म कामासाठी झाला. एका वेल्डरच्या अंगावर मी बारा वर्षं काढली. तो लोखंड जोडायचा, ठिणग्या उडायच्या आणि माझ्या डाव्या बाहीवर बारीक बारीक भोकं पडायची. तो घरी आला की त्याची लेक त्या भोकांत करंगळी घालून बसायची.

"बाबा, आज सात नवीन!"

"सात तारे पडले गं आज," तो म्हणायचा.

लेक नऊ वर्षांची असताना तो गेला. तिच्या आईने मला घडी घालून पेटीत ठेवलं. कितीतरी दिवस माझ्या खिशात त्याचा हातरुमाल तसाच होता.

आई रफूकाम करायची. तिची बोटं अशी, की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारायचं, "अहो, पण फाटलं होतं कुठे?" मग आईचा चेहरा खुलायचा. आपलं काम कुणाला दिसू नये, हीच तिची शाबासकी.

लेकीचा आवाज मात्र लपण्यातला नव्हता. जाडा, खरखरीत, बाबांसारखा. शाळेच्या समूहगानात बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं. "तू नुसते ओठ हलव हं बाळ. आवाज काढू नकोस." पोरी तिला 'घोगरी' म्हणू लागल्या. ती आधी कमी बोलू लागली, मग जवळजवळ बोलेनाशीच झाली. पेटीत असूनही मला ते कळायचं. घर फार शांत झालं होतं.

सतराव्या वर्षी तिने पेटी उघडली आणि मला अंगात घातलं. बाह्या पार बोटांखाली आल्या. तशीच ती फिरत फिरत सायकल दुरुस्तीच्या दुकानाखालच्या या तळघरात पोचली. इथे दर रविवारी दुपारी पंक नावाचं गाणं चालतं. खरं सांगतो मित्रांनो, मला आधी वाटलं, भांड्यांची मांडणीच कोसळली! माणसं एकमेकांवर आदळत होती. पण कुणी पडलं की चार हात आधी त्याला उचलायचे आणि मगच पुन्हा धिंगाणा. हा इथला नियम होता.

ड्रम वाजवणारी बाई दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला नर्सताई म्हणत.

"नाव काय गं तुझं?"

"शाळेत... घोगरी म्हणतात."

"मग बरंच झालं. गोड गळ्याचं इथे काय लोणचं घालायचंय? ये पुढे!"

त्या दिवशी ती ओरडली. आठ वर्षांचं साठलेलं ओरडली. माझी बटणं थरथरली.

इथे नवीन माणसाला प्रत्येक जण आपल्या कामाच्या कपड्याचा एक तुकडा देतो. नर्सताईने हिरवा दिला. गिटार वाजवणाऱ्या बेकरीवाल्याने पिठाच्या पोत्याचा दिला. ते तुकडे ज्याचे त्याने शिवायचे, दात साफ करायच्या पांढऱ्या दोऱ्याने, कारण तो तुटत नाही. टाके मोठे आणि वाकडे घालायचे, लांबून दिसले पाहिजेत. फाटलं असेल तिथे सेफ्टी पिना लावायच्या. पाठीवर तिने एक काळा तुकडा शिवला आणि त्यावर ठळक लिहिलं, घोगरी. ज्या नावाने रडवलं, तेच तिने पाठीवर मिरवलं. बाबांच्या भोकांवर तिने गाणंही रचलं :

ठिणग्यांनी पाडली भोकं, त्यातून येतो वारा,
वाऱ्याला जाऊन विचारा, कुणाचा आवाज खरा.

मग मोठ्या सभागृहात गाण्याचा पहिला दिवस ठरला. आदल्या दुपारी लेक तालमीला गेली आणि आईने मला मांडीवर घेतलं. पाठीवरची अक्षरं वाचून तिचे डोळे भरले. "माझ्या पोरीच्या पाठीवर कुणी मेल्याने शिवी चिकटवली?" तिने तो तुकडा सगळ्यात आधी उसवला. मग बाकीचे. एकवीस पिना काढल्या. आणि मग, मित्रांनो, तिने आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम केलं. बाबांचं एक एक भोक बुजवलं. मला ओरडायचं होतं, पण कोटाला गळा नसतो.

लेक आली.

"बघ, आता कुठे फाटलं होतं ते शोधून दाखव," आई म्हणाली. "चार लोकांत उभी राहणार तू. आईच्या घरात सुईदोरा नाही असं वाटायला नको."

लेकीची करंगळी बाहीवर फिरली. पुन्हा फिरली.

"बाबांची भोकं?"

"एकही दिसत नाही ना?"

"नाही." ती हळू म्हणाली, "आई, तूही तेच सांगितलंस. नुसते ओठ हलव."

मला खुर्चीवर ठेवून ती गेली.

ती परत आली नाही. आईने महिनाभर वाट पाहिली आणि मग चष्मा लावून स्वतःचंच काम उसवायला बसली. पण ते इतकं बेमालूम होतं की तिचं तिलाच सापडेना. दिवसचे दिवस ती मला खिडकीशी धरून बसे. सुई टोचून बघे. "इथे होतं का रे?" ती मला विचारी. एकही भोक परत मिळालं नाही.

शेवटी मला छातीशी धरून ती या अकरा पायऱ्या उतरली.

"त्या दिवशी ती उभी राहिली, मावशी," नर्सताईने सांगितलं. "ओठ हलले, आवाज आलाच नाही. दुसऱ्या दिवशी गाव सोडलं तिने. पत्ता दिला नाही."

आई खाली बसली. चार हात पुढे आले आणि त्यांनी तिला उचललं.

मग तिने नर्सताईकडे तो दातांचा दोरा मागितला. काढलेले सगळे तुकडे तिने कागदात जपून आणले होते. ते तिने आठवून आठवून लावले. 'घोगरी' पाठीवर परत आली. शेवटी स्वतःच्या शिवणकामाच्या एप्रनचा एक कोपरा कापून तिने डाव्या बाहीवर शिवला. मोठ्या, वाकड्या टाक्यांनी. जन्मात पहिल्यांदाच तिचं काम लांबून दिसत होतं.

तेव्हापासून मी इथे आहे. धूळ बसते, नर्सताई झटकते. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं काही फाटलेलं दिसलं, तर सुई उचलण्याआधी त्याला विचारा.

रविवारी जिना वाजला की मी पावलं मोजतो. ती आली, तर करंगळी घालायला माझ्याकडे आता एकही भोक नाही. पण मी तिला ओळखीन. तिने फक्त आवाज काढावा.