एकटीची रांग

आमच्या पाणीखात्यात नियम मोडला तर चालतं, साहेबांचं मन मोडलेलं चालत नाही. सामोआत बहुतेक कचेऱ्यांचं असंच आहे, आम्ही काही जगावेगळे नाही.

मोएलागी आमच्याकडे तक्रारींच्या खिडकीवर बसायची. ती फाफाफिने. जन्मली मुलगा म्हणून, वाढली मुलगी म्हणून. आमच्या बेटावर त्याचं कुणाला नवल नाही. नवल नाही म्हणजे मान आहे, असं मात्र समजू नका. लग्नात सजावट तिनं करायची, चर्चमधल्या गाणाऱ्यांना ताळ्यावर तिनं आणायचं, आणि बढतीची वेळ आली की सगळ्यांना विसर पडायचा.

स्वातंत्र्यदिनी सगळी खाती संचलन करतात. बायका पुलेतासीत, म्हणजे लांब पोलकं आणि घोट्यापर्यंतचा घागरा, पुरुष सदरा-लुंगीत. मोएलागी दरवर्षी पुलेतासी घालून आमच्यात चालायची. मग माउलोलो साहेब बदलून आले. पूर्वी ते पोलिसांच्या बँडमध्ये होते. शिवाय मोएलागीच्या आईच्या गावचे मताई, घराण्याचे प्रमुख. सरावाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी बोट दाखवलं.

"तू तिकडे, पुरुषांत."

"मी गेले तर तेच लाजतील, साहेब."

आम्ही फिदीफिदी हसलो. साहेब हसले नाहीत.

"मग दोघांच्या मध्ये चाल. तुझी वेगळी रांग."

"एकटीची?"

"मानाची म्हण."

सरकारी नोकराला असं बाजूला काढता येत नाही, तसा आता नियम आहे, हे सांगायला ती त्यांच्या खोलीत गेली. मी सहीसाठी तिथेच उभी होते. "काढलं कुठे? उलट जागा दिली!" साहेब म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्यांचा राग येतो तो याचाच.

मग तिनं आमच्यात कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. ती सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाकडे गेली. त्या वर्षी संचलनालाही आली नाही. सुनावणीत साहेबांना मुलीच्या वयाच्या वकीलबाईपुढे बसून उत्तरं द्यावी लागली. आयोगानं निकाल दिला: मोएलागी बायकांतच चालेल.

जिंकली. आणि दुसऱ्या दिवसापासून कोको प्यायच्या वेळी तिच्या बाकावर कुणी बसेना.

"नियम आहे ना तिच्या बाजूला? मग नियमाशीच मारू दे गप्पा," लेपेका म्हणाली. ही आमच्यातली सगळ्यांत थोरली, आणि तोंडाळही. "मताईला चारचौघांत खाली पाहायला लावलं! घरचं घरात मिटवता येत नव्हतं?"

मोएलागी शेजारच्याच बाकावर पानीकेके, आमचे तळलेले गोड गोळे, खात होती. "मावशी, आधी मी तुमच्याकडेच आले होते. तुम्ही म्हणालात, देवावर सोड."

"मग सोडायचं होतंस!"

पुढच्या संचलनाची पहाट उजाडली. मुलिनुऊच्या मैदानावर आम्ही रांगा धरल्या. मोएलागी नव्या पुलेतासीत, कानामागे फूल खोचून, बायकांच्या रांगेत येऊन उभी राहिली. तशी तिच्या डावीकडची एक पाऊल सरकली. उजवीकडे लेपेका होती, तीही सरकली. मागे मी होते. मी सरकले नाही, नुसती जागेवर थांबले, पण तिच्या पुढच्या बायका पुढे सरकल्याच होत्या. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. साहेबांना जी रांग देता आली नाही, ती आम्ही तिला देऊन टाकली.

माउलोलो साहेब पाहणी करत आले आणि आमच्यापाशी थांबले. लेपेकानं मान ताठ केली. शाबासकी मिळणार अशी तिची खात्री होती.

"हे काय? दात पडलेल्या तोंडासारखी दिसतेय रांग. सरका!"

कुणी हललं नाही.

"लेपेका, ऐकू येत नाही? ती बाई उभी आहे ना तिथे? तिच्या खांद्याला खांदा लाव!"

"साहेब, आम्ही तर तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी सरळ चाला, बास."

लेपेका झटकन सरकली. सगळ्याच सरकल्या. आपण 'बाई' म्हणालो हे साहेबांना कळलं की नाही, देव जाणे. त्यांचे डोळे रांगेवर होते. ते पुढे गेले, बँड सुरू झाला, आणि सुनावणीत टिपूस न काढणारी मोएलागी चालता चालता घळाघळा रडू लागली.

"आता काय झालं रडायला?" लेपेका समोर बघतच कुजबुजली. "मिळाली ना तुला रांग?"

"मिळाली," मोएलागी म्हणाली. "पण त्यांनी सांगितलं म्हणून सरकलात, मावशी."

आम्ही पाऊल मिळवून चालत राहिलो.