होडीतली शेजारची जागा

मी एक चटई. गवताची नाही, आणि देवळात अंथरतात तसलीही नाही. प्लास्टिकची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, घड्या घातल्या की हातपिशवीत मावणारी. कावागोए शहराच्या बाजारगल्लीत एका दुकानाच्या दाराशी मी टांगलेली होते. तिथून यासुहारु उएमात्सुंनी मला घरी आणलं. "मापाची आहे," एवढंच ते दुकानदाराला म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेली ही केवढी मोठी स्तुती, ते मला पुढे कळलं.

माझं काम जागा धरण्याचं. तुम्हाला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण आमच्याकडे शाळेच्या खेळांच्या दिवशी मुलांचे वडील उजाडायच्या आधी फाटकापाशी चटया बगलेत घेऊन उभे असतात. चेरीला बहर आला की कचेरीत सगळ्यात नव्यानं लागलेल्या माणसाला झाडाखाली चटई घेऊन बसवतात, आणि साहेब लोक संध्याकाळी डबे घेऊन सावकाश येतात. कुठे कुठे म्हणे नुसता रुमाल टाकला तरी जागा आपली होते. इथे तसं चालत नाही. चटईवर माणूस लागतो.

समुद्राकाठच्या त्या थीम पार्कात तर हा नियमच आहे. दुपारच्या मिरवणुकीसाठी लोक सकाळपासून रस्त्याकडेला चटया अंथरतात, आणि प्रत्येक चटईवर घरातला एकजण बसून राहतो. चटई रिकामी दिसली की पांढरे हातमोजे घातलेला कुणीतरी येतो, चटईला नमस्कार केल्यासारखा वाकतो, तिची नीट घडी करतो आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत नेऊन ठेवतो. माझ्या शेजारची एक लाल चटई अशी माझ्या डोळ्यांदेखत गेली. तिचा माणूस आइस्क्रीम आणायला गेला होता.

माझ्या बाबतीत ती भीती नव्हती. यासुहारु एकदा माझ्यावर बसले की बसले. बूट काढून, बाहेर तोंड करून, कोपऱ्याशी जोडीनं ठेवायचे आणि मांडी घालायची. हा माणूस बस कंपनीत वेळापत्रकं करायचा. कुठली बस कुठल्या थांब्यावर कधी येणार, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. सुट्टीचंही ते तसंच आखायचे. मुलगी कानाए, तिच्या वाढदिवसाला शरदात दरवर्षी पार्कात जायचं. आधी कुठल्या पाळण्यात बसायचं, डोंगरावरून धावणाऱ्या गाडीत कधी, जेवायला कधी रांग कमी असते, मिरवणूक कुठे वळते, सगळं त्यांना पाठ. पुलाजवळच्या वळणावर रथ हळू होतात, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. आमची जागा तिथेच, पहिल्या रांगेत.

आणि त्यांची बायको फुसाए! त्या मासे आणायला निघाल्या तर फुलझाडाची कुंडी घेऊन यायच्या. पार्कात एखादी रांग दिसली की आधी उभं राहायचं, आणि ती कसली आहे ते मग पुढच्या माणसाला विचारायचं, ही त्यांची रीत. लोण्यात परतलेल्या लाह्यांचा वास आला की मायलेकी वाट सोडून वासामागे. तासाभरानं हातात लाह्यांचा डबा घेऊन, हसत हसत माझ्याकडे परत.

"अकरा वाजता डोंगरगाडी होती," यासुहारु म्हणायचे.

"ती होतीच की. आम्ही नव्हतो," फुसाए म्हणायच्या आणि लाह्यांचा डबा त्यांच्यापुढे धरायच्या.

ही तक्रार मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकली की तिची चाल मला पाठ झाली. खरं सांगू? मला दोघांचंही पटायचं. परत यायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस बिनधास्त लांब भटकतो. फुसाए आणि कानाए पार्कभर बागडायच्या त्या आमच्या जिवावर. आणि त्या भटकून आल्या नसत्या तर यासुहारुंना दिवसभरात सांगण्याजोगं ऐकायला काय मिळालं असतं? ते तर माझ्यावरून हललेच नसते.

मिरवणूक मात्र त्यांची खास. घरात मोठ्यानं न हसणारा हा माणूस सोंगाचं ढोलवालं अस्वल वळणावर आलं की दोन्ही हात वर करून हलवायचा. अस्वलही त्यांच्याकडे बघून ढोलावर एक जादा टोला द्यायचं. मिरवणूक संपली की दमलेली कानाए माझ्यावरच आडवी व्हायची, आणि ते तिचे बूट हातात घेऊन वाट बघत बसायचे. चटईच्या आयुष्यात याहून अधिक सुख काय असणार?

आता होडीचं सांगते. पार्काच्या मागच्या अंगाला एक गुहा होती, आणि तिच्यातून लहान लहान होड्या जायच्या. एका होडीत दोघंच. आत कंदील, कासवं, कुठे नुसता अंधार. ना वेग, ना आरडाओरडा. मोठी मुलं तिच्याकडे ढुंकून बघत नसत, पण फुसाएंचा तिच्यावर जीव. कानाए लहान होती तोवर मायलेकी जोडीनं बसायच्या. मग कानाएचं लग्न झालं आणि ती फुकुओकाला गेली. तरी तिच्या वाढदिवसाला ही दोघं पार्कात येतच राहिली. यासुहारु माझ्यावर आणि फुसाए एकट्या होडीत.

एकट्या माणसाला मात्र होडीत एकटं सोडत नाहीत. रांगेतला दुसरा कुणी एकटा बघून शेजारी बसवतात. मग परत आल्या की फुसाए त्याची गोष्ट सांगायच्या. एकदा रडून डोळे सुजलेली एक परिचारिका, एकदा घामाघूम झालेला एक विद्यार्थी, एकदा एवढी दाढी असलेला परदेशी पाहुणा. यासुहारु त्या आल्या आल्या विचारायचे, "आज कोण?" आणि गालातल्या गालात हसायचे. जायच्या आधी त्या दरवर्षी न चुकता म्हणायच्या, "तुम्ही येता?" आणि ते दरवर्षी म्हणायचे, "मिरवणूक झाली की." मिरवणूक झाली की घरी जायची बस असायची. ती त्यांनीच ठरवलेली.

मागच्या वर्षी बातमी आली की होडी महिनाअखेरीला कायमची बंद होणार. त्या जागी काहीतरी नवं, उंच, पोरांना किंचाळायला लावणारं येणार होतं. गुहेसमोर सकाळपासून मोठी रांग. यासुहारुंनी आधीच सगळं आखलं होतं. फाटक उघडल्याबरोबर फुसाएंनी होडीच्या रांगेत लागायचं, म्हणजे निरोपाची एक फेरी होईल, आणि मिरवणुकीला परत. त्यांनी हे घरी चहा घेताना सांगितलं, बसमध्ये परत सांगितलं, माझ्यावर बसतानाही सांगितलं. फुसाए हूं की चूं न करता ऐकत राहिल्या. त्या गप्प बसल्या तेव्हाच माझं मन चरकलं.

त्या गेल्या. उन्हं माझ्यावरून सरकत दुसऱ्या कडेला गेली. आमच्या मागे गर्दी जमत चालली. एक तरुण जोडपं तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन उभं होतं आणि थोडी तरी फट मिळते का ते बघत होतं. फुसाए परत आल्या, बूट काढले, नवऱ्याशेजारी बसल्या. हातात लाह्या नाहीत, तोंडावर हसू नाही.

"आज कोण?" यासुहारुंनी विचारलं.

"कुणी नाही. मी बसलेच नाही."

ते घाबरले. पाय दुखावला का, चक्कर आली का, विचारत राहिले. फुसाएंनी मान हलवली.

"अगदी पुढे पोचले होते. तिथे विचारतात, किती जण? मी म्हटलं, एक. मग मागून एका गृहस्थांना बोलावलं. छत्री होती हातात. चांगले होते बिचारे, मला म्हणाले, आधी तुम्ही बसा. त्यांनी शेजारी पाय ठेवला आणि मी उतरले." त्या माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवत होत्या. "इतकी वर्षं माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसतंय, आणि तुम्ही इथे माझी जागा धरून बसलाय. मला आता दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही. होडी बंद होईल तर होऊ दे."

 लांबून ढोल ऐकू यायला लागला होता. रस्त्यावर दोर लावणारी माणसं आली, म्हणजे मिरवणूक निघाली. समोरच्या वळणावर यासुहारुंचं अस्वल येणार होतं, पहिल्या रांगेतली जागा होती, त्यासाठी हा माणूस सकाळपासून मांडी घालून बसला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, झालं, आता म्हणणार, मिरवणूक झाली की.

"मिरवणूक सुरू झाली की गुहेची रांग निम्म्यावर येते," ते म्हणाले. "दरवर्षी येते. सगळे इकडे येतात ना."

"मग?"

"मग काय? ऊठ. तुझ्याखालची चटई काढायचीय."

मिरवणुकीआधी माझी घडी झाल्याचं ते पहिलंच वर्ष. यासुहारु मागे वळले आणि त्या बाळवाल्या जोडप्याला म्हणाले की कृपा करून इथे बसा. त्यांनी नको नको म्हणत वाकून नमस्कार केला. यासुहारुंनी वाकून आग्रह केला. ते परत वाकले, हे परत वाकले. आमच्या लोकांचं एकदा वाकणं सुरू झालं की थांबणार कधी? शेवटी फुसाएंनी नवऱ्याची बाही धरली आणि ओढत नेलं. बुटाचे बंद सुटलेले, पिशवीतून माझा एक कोपरा बाहेर, आणि सगळं पार्क मिरवणुकीकडे येत असताना आम्ही उलटे निघालेलो. आयुष्यभर इतरांच्या वेळा सांभाळणारा तो माणूस चक्क पळत होता.

त्यांचा हिशेब बरोबर होता. रांग खरोखरच ओसरली होती. पुढे पोचल्यावर होडीत बसवणाऱ्या मुलीनं विचारलं, "किती जण?"

"दोघं," यासुहारु म्हणाले. तिनं आधीच ऐकलं होतं, तरी ते परत एकदा म्हणाले, "दोघं."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मीही होडीत बसले. इतकी वर्षं पार्कात येत होते, पण मी पुलाजवळच्या वळणापलीकडे काही पाहिलं नव्हतं. होडी आत शिरली आणि फुसाए बोलायला लागल्या.

"आता उजवीकडे बघा, कासव मान वळवेल. वळवली. आता वर, कंदील आहेत, सगळे एकदम लागत नाहीत, आधी तो कोपऱ्यातला. आता मान खाली घाला, थेंब पडतात. माझ्याकडे काय बघताय, तिकडे बघा ना!"

मी चकित झाले. ज्या बाईला डोंगरगाडी केव्हाची ते कधी लक्षात राहिलं नाही, तिला या गुहेतलं प्रत्येक वळण तोंडपाठ होतं. नवरा शेजारी असला की काय दाखवायचं, कुठे बोलायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरवून ठेवलेलं. तिनंही बेत केलाच होता. इतकी वर्षं मनातल्या मनात, आणि एवढ्या एकाच होडीचा.

मग कंदील संपले. फुसाए म्हणाल्या, "आता इथे काही नाही. नुसता अंधार आहे. इथे शेजारच्या माणसाशी काय बोलावं, ते मला कधी कळायचं नाही."

यासुहारुंनी मला मांडीवरून उचलून पायाशी ठेवलं. खाली पाणी होतं, मी भिजले. त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले, पण पुढे काय झालं ते मला तिथून दिसलं नाही. एवढं खरं की उजेड येईपर्यंत फुसाए एक शब्दही बोलल्या नाहीत.

बाहेर आलो तेव्हा मिरवणुकीचं शेपूट जात होतं. गर्दीच्या डोक्यांवरून अस्वलाचे फक्त दोन कान दिसले. यासुहारुंनी त्या कानांना दोन्ही हात हलवले आणि मोठ्यानं हसले.

त्यानंतर होडी बंद झाली. माझा एक कोपरा फाटला आहे, पट्टे पुसट झाले आहेत. फुसाए जुन्या वस्तू टाकताना त्यांचे आभार मानतात, आणि माझ्यापुढेही त्या दोनदा हात जोडून बसल्या, पण यासुहारु मला टाकू देत नाहीत. बेत ते अजूनही आखतात, सवय थोडीच जाते? फक्त आता आखताना मध्ये एक तास सोडतात, आणि विचारलं तर सांगतात, तो फुसाएचा. त्या तासात त्यांची फार चुळबुळ होते, असं फुसाए फोनवर कानाएला सांगत होत्या.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मला चांगली माणसं मिळाली. त्यांच्या लेकीची झोप माझ्यावर झाली, त्यांची भांडणं मी ऐकली, एक होडी पाहिली. तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांसाठी जागा धरून बसलेलं असेल. त्यांचे आभार माना, आणि एखाद्या दिवशी त्यांना हाताला धरून उठवा. जागा गेली तर जाऊ द्या.

आज कानाएचा वाढदिवस आहे. दोघं सकाळीच पार्कात गेली. मला घरीच ठेवून गेली.